पाळीखालची खाट

कळमेश्वरकडे आमची घरं तलावाच्या जुन्या मातीच्या पाळीखाली होती. तलाव मालगुजाराचा, त्याचं घर उंचावर. काहीही सांगा, तो सुपारी चघळत "पाहू" म्हणे.

एका पावसाळ्यात पाळ पाझरू लागली.

"मालक, फुटली तं आम्ही मरू."

"पाहू गा."

या वेळी त्यानं खरंच पाहिलं. सांडवा तोडून मासोळ्यांसकट पाणी सोडलं, पाझरत होतं तिथं मुरूम दाबला. मग खाट घेऊन माझ्या छपरीत आला.

"इथं काहून, मालक?"

"तुले भरोसा नाही ना? फुटली तं पयले मी वाहून जाईन."

पावसाळाभर तो तिथंच घोरला. मलाही झोप लागली.

माझी बुढी माय आदल्या साली गेली. जन्मभर ती पावसात पाळीकडं पाहत जागली. ती खाट पाहून एक रात तरी झोपली असती.