देलेताँ म्हणजे आपले तळेकरच

मंडळी, आज सोफीसाठी खोली बघायला वाघोलीत हिंडलो. सोफी फ्रान्सची, आमच्या ऑफिसात नवीन आलीये. परदेशी, त्यात एकटी मुलगी म्हणून बऱ्याच घरमालकांनी नाही म्हटलेलं. मध्येच मी रसाच्या गाडीवर रेंगाळलो, ते सोडा.

शेवटच्या घरी काकूंनी भाडं सांगायच्या आधीच विचारलं, "आडनाव काय? गाव कंचं?"

"देलेताँ," सोफी म्हणाली.

"असलं आडनाव कधी ऐकलं न्हाय."

मी सोफीचं बोलणं मराठीत सांगत गेलो. "फ्रान्समध्येही फार थोड्यांचंच आहे, काकू. अर्थ 'तळ्याजवळचे'. पूर्वज तळ्याकाठी राहायचे. आता तळं बुजवून तिथं पार्किंग केलंय."

काकू हसल्या. "म्हंजी तळेकरच की ही. आमच्या तळ्यावर बी सोसायटी हाय. घे बाई चावी."

खोली मिळाली, वर चहाही. बाहेर पडताना मी सोफीला सांगितलं, माझं आडनावही असंच गावावरून पडलंय. तिनं विचारलं, "तुझ्या आडनावातलं गाव कसं आहे रे?"

मी अख्खा महाराष्ट्र भटकलोय, पण नेमकं तेच गाव राहिलंय. रविवारी तिला बाईकवर घेऊन निघतोय.

तुमच्यापैकी कोणी आपल्या आडनावाचं गाव पाहिलंय का? तिथं काय उरलंय?