मेथीच्या पावाचा पहिला ट्रे

गेल्या रविवारी माझी एक मोठी चूक उघडी पडली... आणि तेही भर सकाळी, माझ्याच बेकरीसमोर पन्नासेक माणसं जमलेली असताना.

रहाटणीत माझी छोटी बेकरी आहे. आमच्या गल्लीतल्या बारा घरांनी वर्षभर गच्चीवर भाज्या लावल्या, त्याचा आम्ही सोहळा करत होतो. ज्याच्या गच्चीवर जे आलं ते त्यानं आणायचं, आणि मी ते भाजून द्यायचं... पालकाची खारी, टोमॅटोचा ब्रेड, मेथीचा पाव.

हे खूळ माझंच. कुंड्या महाग पडतात म्हणून नवऱ्यानं चाकणच्या एका भंगारवाल्याकडून निळे प्लास्टिकचे ड्रम आणले. आम्ही कंपन्यांच्या पट्ट्यात राहणारी माणसं, निळा ड्रम दिसला की मधोमध कापून कामाला लावायचा, हे अंगातच मुरलंय.

"सरबताचे आहेत," असं भंगारवाला म्हणाला, आणि मी ते घरोघरी मिरवत वाटले. फोटोसुद्धा इथेच पोस्ट केले होते, आठवत असतील तुम्हाला.

तर मेथी होती वरच्या मजल्यावरच्या वैशालीची. लोकांना दाखवायला म्हणून ती हौसेनं मेथीसकट तो अर्धा ड्रमच लिफ्टमधून खाली घेऊन आली. तोवर मेथीच्या पावाचा पहिला ट्रे निघालाही होता. पहिला ट्रे आम्ही कधी विकत नाही, देवळामागच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर पाठवतो. तसा तो गेला.

तेवढ्यात नाना ड्रमपाशी वाकले. नाना इथलेच, जुन्या गावातले. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूला रसायनांनी मुलामा देणाऱ्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांनी चष्मा वर केला आणि बुडाजवळची माती अंगठ्यानं पुसली. खाली अर्धवट खरवडलेलं लेबल होतं... त्यावर कवटीचं चित्र.

"ह्यो ड्रम कुठनं आणला गं?"

"ताईंनीच दिलाय की," वैशाली म्हणाली.

नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ह्यात सरबत न्हाई येत, पोरी. असलं आमी हातमोजं घालून टाकीत वतायचो."

खरं सांगते... मला पहिला विचार माणसांचा आला नाही, बेकरीचा आला. ऐकणारे आम्ही तिघंच होतो. "मेथीचे पाव करपले" म्हणून उरलेले ट्रे मागे सरकवले असते, तर कुणाला पत्ताही लागला नसता. किती वेळ तशी उभी होते, मला माहीत नाही.

मग कट्टा आठवला.

अनवाणी पळत सुटले. पिठानं भरलेल्या हातांनी म्हाताऱ्या माणसांच्या हातातले पाव अक्षरशः हिसकावून घेतले. बहुतेकांनी चहा यायची वाट बघत ते तसेच धरले होते. एकट्या मालनआजींच्या हातात अर्धाच पाव उरला होता. मालनआजी म्हणजे नानांची बायको.

नाना मागून आलेच होते. त्यांनी रिक्षा थांबवली आणि आजींना दवाखान्यात घेऊन गेले.

परत येऊन स्टुलावर चढले आणि सगळं सांगून टाकलं. ड्रम मी दिले, लेबल मी बघितलं नाही, मेथीला कुणी हात लावू नका. एक बाई पोराला ओढतच घेऊन गेल्या. "फुकटचं वाटायची हौस," असं मागून कुणीतरी म्हणालं. बरोबरच होतं ते.

दुपारी नानांचा फोन आला. आजींना काही त्रास नव्हता. तेवढ्यानं लगेच काही होणार नाही, पण दोन दिवस लक्ष ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. संध्याकाळी बाराही घरांचे ड्रम खाली उतरवून बुडं तपासली. आणखी दोन तसलेच निघाले.

सोमवारी शटर उघडलं. नऊ वाजले तरी कुणी फिरकलं नाही. रोजचं गिऱ्हाईक पलीकडच्या फुटपाथवरून मान खाली घालून जाताना दिसत होतं. मनात म्हटलं, संपलं सगळं.

साडेनऊला मालनआजी आल्या, एकट्याच. काउंटरवर पिशवी ठेवली.

"एक लादी दे. साधी दे बाई, पाल्याची नको."

मी हसायला गेले आणि रडायलाच लागले. विचारलं, "आजी, भीती नाही वाटली परत इथे यायची?"

"वाटली की. पर तू बिनचपलंची पळत आलीस. जिला लपवायचं आसतं ती पळत न्हाई येत."

त्यानंतर हळूहळू दोघं-तिघं आले. आजींचे उपकार मी विसरणार नाही. पण पळण्याआधी मी लपवायचाच विचार करत तिथे उभी होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं... आज दुपारी त्यांच्या घरी जाऊन ही पोस्ट आधी त्यांनाच वाचून दाखवली, आणि मगच इथे टाकतेय.