रजनीची उभं राहायची जागा

जेऊरहून फोन आला तेव्हा मी नवी पेठेत पडद्याचं कापड बघत होते. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट रजनीच्या स्क्रीनवर येतं, म्हणून ती महिनाभर पडदा पडदा करून माझं डोकं खात होती. फोन तिच्या भावाचा होता. रिक्षांच्या गोंगाटात मला आधी काही ऐकू येईना आणि मी नेहमीसारखी खेकसलेही, "जरा मोठ्यानं बोल की रे." तो मोठ्यानं बोलला. "मंगलताई, रजाक्का गेली..." तापाचं निमित्त झालं म्हणे. आईकडं जरा विश्रांतीला म्हणून गेलेली बाई. दुकानदारानं तोवर कापड फाडलं होतं, ते घेऊन मी परत आले. पुढं केव्हातरी पडदा लावला. आता त्या स्क्रीनवर ऊन येत नाही आणि त्या खुर्चीत कुणी बसतही नाही.

आम्हा दोघींचं काम ड्रॉइंगचं. औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखानदारांना जी यंत्रं बनवायची असतात त्यांचं आधी संगणकावर मॉडेल करायचं आणि मग त्यावरून मापांसकट कागद काढून द्यायचा. या मॉडेलची गंमत अशी, की त्यातलं प्रत्येक अंग आधीच्या कुठल्यातरी अंगावर टेकलेलं असतं. भोक पत्र्यावर, पत्रा सांगाड्यावर, सांगाडा अगदी पहिल्यांदा काढलेल्या साध्या चौकोनावर. खालचं माप बदललं की वरचं सगळं आपोआप बदलतं आणि खालचं काही पुसलं गेलं की वरचं सगळं लाल होतं. असं लाल झालं की मी चिडून सगळं नव्यानं काढायला बसायची. रजनी माझा हात धरायची. "पुसू नगं. आदी इचार त्याला, कुनावर टेकलायस म्हनून." आणि ती खरंच विचारायची. स्क्रीनशी वाकून, हळू आवाजात, आणि मग उत्तराची वाट बघितल्यासारखी गप्प राहायची. थोड्या वेळानं मान हलवून नेमक्या जागी बोट ठेवायची. मी तिची टिंगल करायची. मला आलेल्या एका स्थळाबद्दलही तिनं हाच प्रश्न विचारला होता, आणि ते स्थळ पुरतं आपल्या आईवर टेकलेलं निघालं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. फार आठवते मला ती... हे लिहिताना लपवायचं कशाला?

तिच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. ओळख होऊन बरेच दिवस झाले तरी मी विचारलं नव्हतं. एकदा डबा खाताना तिनंच सांगितलं. लहानपणी वडलांच्या कडबाकुट्टीत वैरण सारताना हात ओढला गेला. "बटन भितीवर व्हतं गं. आन्नांच्या हाताला येईल आसं. मी उड्या मारत व्हते, बोट काय पोचंना." एवढं सांगून तिनं शेंगाचटणीची डबी माझ्याकडं सरकवली. कुठल्याही यंत्राचं काम घेतलं की ती सगळ्यात आधी स्क्रीनवर एक माणूस उभा का करायची, ते मला त्या दिवशी कळलं. माणूस कसला, बाईच. माझ्या हातात टेप देऊन स्वतःचा खांदा, कोपर, हाताची पोच मोजून घ्यायची आणि त्या मापाची बाई यंत्रापुढं उभी करायची. "यंत्र करत्यात बाप्या मानसाच्या मापानं, आन् चालवतंय कोन?" असं म्हणायची. काम संपलं की ती बाई दिसेनाशी व्हायची. मला वाटायचं, पुसत असेल.

तिचं शेवटचं काम मुस्ताकभाईंचं होतं. हे फॅब्रिकेशनवाले आमचे जुने गिऱ्हाईक. शेंगाचटणी करणाऱ्या बायकांसाठी ते कांडपाचं यंत्र बनवणार होते. लोखंडी मुसळं वरखाली होतात आणि खालच्या उखळात बाईनं हातानं परातीतला माल सारायचा. दांडा वर असला की मुसळं चालू, खाली ओढला की बंद. रजनी गेल्यावर काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "मॅडम, वो बंद करने का दांडा जरा उप्पर लेव ना. परात अटकरी." मी रजनीची फाइल उघडली. बदल करण्याआधी जुना कागद एकदा छापून बघावा म्हणून छापला, तर यंत्राचं बाजूचं चित्र कागदाच्या उजव्या कडेला जाऊन बसलेलं. डावीकडं सगळं कोरं. चित्र मधोमध आणलं, तर ते परत सरकलं. नवा कागद घेतला, नवं चित्र टाकलं, प्रमाण बदललं. यंत्र आपलं उजवीकडंच आणि चित्राभोवतीची चौकट त्या कोऱ्या जागेला कवटाळून बसलेली. तिथं काहीच नव्हतं, पण संगणकाच्या लेखी काहीतरी होतं. ती जागा उंचीला यंत्रापेक्षा थोडी कमी आणि रुंदीला... माणसाएवढी होती.

ऑफिसात मी एकटी होते. बाहेर लख्ख दुपार, खालच्या रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकं बोलत होती. मी स्क्रीनशी वाकले आणि म्हणाले, "कुणावर टेकलंय गं हे?" माझा आवाज मलाच परका वाटला. मग मॉडेलच्या अंगांची यादी, जिच्यात आधी काढलेलं वर दिसतं, मी वरपर्यंत नेली. सगळ्यात वर, पहिल्या चौकोनाच्याही आधी, एक भाग लपवून ठेवलेला होता. त्याचं नाव तिनं 'मी' असं ठेवलं होतं. दाखव म्हटल्याबरोबर रजनी यंत्रापुढं उभी राहिली. करडी, चेहरा नसलेली, खांदे जरा पुढं काढून उभी राहायची सवय तशीच. उजवा हात दांड्यावर. डावा हात जवळ आणून पाहिला, तर त्याला तीनच बोटं होती. मी एकेक करून जुन्या फाइली उघडत गेले. सगळ्यांत ती होती. या शहरात आमच्या कागदांवरून जेवढी यंत्रं बनली त्या प्रत्येकापुढं ती लपून उभी होती, आणि मी इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून ते पाहिलं नव्हतं.

मुस्ताकभाईंना कागद आजच हवा होता. मी दांडा वर घेतला. तिचा हात दांड्याबरोबर वर गेला, कोपर सरळ झालं, आणि अजून जरा वर घेतल्यावर सगळं यंत्र लाल झालं. तिची पोच संपली होती. एक सोपा उपाय होता. तिला पुसायचं, दांडा हवा तिथं नेऊन बसवायचा, काम खलास. मी पुसायची आज्ञाही दिली. संगणकानं विचारलं, हिच्याबरोबर दांडा, झाकण, सांगाडा, सगळ्यांचा आधार जाईल, चालेल का? माझं बोट बटनावर होतं. तिला पुसलं असतं तर दांडा भिंतीवरच्या त्या बटनाच्या उंचीला गेला असता, आणि त्याखाली कुणीतरी उड्या मारत राहिलं असतं. मी नको म्हटलं. दांडा परत मूळच्या उंचीवर आणला आणि सांगाड्याच्या बाजूला, स्क्रीनवर माझ्याकडं येणाऱ्या अंगाला नेला, तिथं परात आड येत नव्हती. लाल रंग गेला. आणि रजनी सावकाश वळली. आधी हात, मग खांदा, मग तो चेहरा नसलेला चेहरा, पुरा माझ्याकडं. कारण मला ठाऊक होतं. तिचा हात दांड्याला बांधलेला होता, कंबर मोकळी होती, दांडा माझ्या बाजूला आला म्हणून ती वळली. सगळं ठाऊक असूनही मी खुर्ची मागं घेतली.

तिला परत लपवून मी कागद काढला. नेताना मुस्ताकभाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "इत्ती जागा कायकू खाली छोडे?" मी म्हटलं, "तिथं माणूस उभा राहतो." त्यांनी कागदाची गुंडाळी करून काखेत मारली.

यंत्र तयार झाल्यावर त्यांनी मला बघायला बोलावलं. ते चालवणारी बाई ठेंगणी, रजनीएवढीच. मुसळं चालू झाली, ती उखळात शेंगदाणे सारत होती, आणि एकदम तिच्या बाहीचं टोक मुसळाखाली सापडलं. कुणी ओरडायच्या आत तिनं न बघताच हात बाजूला टाकला. दांडा तिथं होता. मुसळं थांबली. बाही फाटली तेवढीच. ती बाई आपल्या हाताकडं पाहत म्हणाली, "कसा काय गेला हात, मलाच कळलं न्हाय."

मी ऑफिसात परतले, फाइल उघडली आणि तिला परत दाखव म्हटलं. यंत्र स्क्रीनवर चालू स्थितीतच राहिलं होतं, दांडा वर, आणि रजनी तसाच हात धरून माझ्याकडं तोंड करून उभी. कितीतरी दिवस तशीच उभी असणार. मी दांडा धरून खाली ओढला. त्याच्याबरोबर तिचा हात सावकाश खाली आला.