कौशल्याकाकूंची पंधरा दिवसांची गोळी

नीरजा डॉक्टरांना पू, ओकारी, सडलेली जखम, कशाचीच किळस नव्हती. किळस यायची ती 'रिपीट' या शब्दाची.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजूच्या एका सरकारी दवाखान्यात त्या सहा वर्षं बसत होत्या. समोर येणारे बहुतेक निवृत्त बाबू. एकदा मंजूर झालेलं कुणी खोडत नाही, ही फायलींची सवय त्यांनी औषधाच्या वहीलाही लावलेली. दहा दिवसांची पित्ताची गोळी दहा वर्षं चालायची. सर्दीला अँटिबायोटिक लिहिलं नाही की लगेच तोंड वाकडं. आणि डॉक्टर तरी काय दिवे लावत होते? मागच्या पानावरचं पुढच्या पानावर उतरवायचं आणि सही ठोकायची. या औषधाचा खरंच उपयोग होतो याला पुरावा काय, असं नवशिक्या डॉक्टरांना नीरजाबाई तावातावाने विचारत. ते फक्त वर्गात.

मंगळवारी शांतारामकाका आले. सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त होऊन फरीदाबादला गेले, तरी दवाखान्याचं कार्ड त्यांनी इथलंच ठेवलं होतं. दर महिन्याला मेट्रोने यायचे, पिशवीत नवराबायकोच्या दोन वह्या.

"मॅडम, दोघांचं रिपीट. कौशल्या ॲडमिट आहे. शुक्रवारी सकाळी उठली ती झोकांड्या खातच. बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला. झोपेची गोळी तेवढी नक्की लिहा हं."

नीरजाबाईंचं पेन थांबलं. आज पहिल्यांदाच त्या काकूंची वही मागे मागे चाळत गेल्या. नऊ वर्षांपूर्वीच्या पानावर आधीच्या डॉक्टरांचं अक्षर होतं : बहीण वारली, झोप नाही, गोळी पंधरा दिवस. नंतर तीन वर्षं त्यांच्याच सह्या. पुढची सहा वर्षं नीरजाबाईंच्या, एकीसारखी दुसरी, सुबक. म्हाताऱ्या माणसांना ही गोळी महिनोन्महिने दिली की झोपेचा फायदा नावापुरता उरतो आणि पडण्याचा धोका मात्र वाढतो, हे त्यांनी मार्चमध्येच व्याख्यानात ठासून सांगितलं होतं. टाळ्याही घेतल्या होत्या.

वयच झालंय, हाडं ठिसूळ होतात, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. काकांनी मान डोलावली असती. ते वाक्य अगदी जिभेवर आलं, आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

"काका, ही गोळी आता हळूहळू कमी करायची. एकदम बंद करायची नाही, त्याने त्रास होतो. तिथल्या डॉक्टरांना मी चिठ्ठी देते. काकू पडल्या त्यात या गोळीचाही हात असू शकतो."

"अच्छा? इतकी वर्षं बरोबर होती आणि आज चूक?"

"आधीही चूकच होती. मी वही कधी उलटून बघितलीच नाही."

काकांनी वही मिटली.

"तिला नको असायची हो ती. म्हणायची, आता येते मला झोप, कशाला रोज? मीच रागवायचो. म्हणायचो, मॅडमनी लिहिलीय, काहीतरी बघूनच लिहिली असेल ना."