रत्नाबाईनं सोडलेला भात

आसगावात रत्नाबाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बोलली की बोलली. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं धानाची शेती सांभाळली, धनीरामला वाढवलं, त्याला बायको आणली; पण तांदळाच्या कोठीची किल्ली काही कमरेची सुटली नाही. रोज सकाळी स्वतः तांदूळ मापून द्यायची. आणि "माझा चिन्नोर" म्हणताना आवाज असा काही चढायचा, जणू वैनगंगेकाठी असा वासाचा तांदूळ दुसऱ्या कोणी पिकवलाच नाही!

१९७९ साली गावातल्या बायका काशीला गेल्या. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू गंगेत सोडायची, जन्मात पुन्हा तोंडाला लावायची नाही, हा रिवाज. आता रिवाज आला की पळवाटही आलीच. सुशीलाबाईनं कारलं सोडलं. ती बाई आयुष्यात कारल्याच्या वाटेला गेली नव्हती. ललिताबाईनं सफरचंद सोडलं, जे आसगावात औषधालाही मिळायचं नाही. मग रत्नाबाईची पाळी आली. ओंजळीत पाणी, समोर पंडा. तिला या चोरट्या भक्तीचा असा संताप आला, की ताडकन बोलून गेली, "भात सोडला, गंगामाय!"

सगळ्या बायका गार. अहो, गव्हाच्या मुलखातली बाई असती तर गोष्ट निराळी. भंडाऱ्याच्या माणसानं भात सोडायचा म्हणजे मासोळीनं पाणी सोडायचं!

सुरुवातीला निभावलं. मग पोटानं दगा दिला. पोळी खाल्ली की पोट धरून बसायची. अंगावरचं लुगडं सैल होत गेलं. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत उतरली आणि चक्कर येऊन चिखलातच बसली. पवनीच्या डॉक्टरनं साफ सांगितलं, भात खा, नाहीतर पुढची दिवाळी दिसायची नाही. धनीराम हातापाया पडला.

"माय, खाय ना वो! कायले जीव देऊन राहिली?"

"गंगामायले शब्द देल्ला. मोडला तं तुया लेकरावर येईन."

नातू नुकताच रांगायला लागला होता. त्या एका धाकापुढे धनीरामनं भाताचा विषयच सोडला. सून शकुंतला बिचारी सासूच्या डोळ्यांआड भात खायची, चोरी केल्यासारखी. पण चिन्नोरचा वास भिंतीला थोडाच भितो! पलीकडच्या खोलीत रत्नाबाई तोंड फिरवून पडून राहायची.

कार्तिकात देवळात दुपारची पोथी लागली. कृष्णराव वाचायचे आणि भोजराज अर्थ सांगायचा. हा भोजराज मोठा बोलघेवडा, एका ओवीवर तासभर दळण दळणारा. लोक त्याला हसायचे आणि यायचे तेही त्याच्याचसाठी. त्या दिवशी ओवीत 'त्याग' आला. भोजराज तोंड उघडतो तोच बायकांतून रत्नाबाईचा खोल गेलेला आवाज आला.

"भाऊ, त्याग म्हनजे मरेपावेतो न खानं, असंच ना?"

भोजराजनं तिच्याकडे नीट पाहिलं. आणि त्या दिवशी, काय आश्चर्य, तो थोडक्यात बोलला.

"बाई, होमात तूप सोडताना यजमान काय म्हनते? 'इदं न मम.' हे माझं नाही. जुन्या जानत्यायनं त्यालेच त्याग म्हटलं. तुपासंग कोनाचं भांडन नाही. सुटते ते 'माझं'. ते सुटलं, मंग कोनी पानात वाढलं तं तो प्रसाद. तुमी भात सोडला म्हनता, अन् किल्ली तं कमरेलेच हाय! सोडला कुठं अजून?"

बायका खुदकन हसल्या. रत्नाबाईचा असा भडका उडाला, की पोथी संपायच्या आत उठून चालू लागली. मोठा आला अर्थ सांगनारा! पण वाटेनं हात सारखा किल्लीवर जाई आणि चटका बसल्यागत मागे येई. भात सोडून तर तिचा ताठा उलट वाढलाच होता. किल्ली सोडायची म्हणजे घर सुनेच्या हाती. कमी शिजो, जास्त शिजो, ब्र काढायची सोय नाही. हे सोडणं तिच्या अगदी जिवावर आलं. काशीच्या पाण्यात भात सोडताना असं जिवावर आलं नव्हतं, आणि तेव्हा तिला भोजराजचं म्हणणं पटलं.

घरी येऊन तिनं किल्ली सोडली आणि चुलीपुढं बसलेल्या शकुंतलेच्या ओटीत टाकली.

"घे. आजपासून कोठी तुयी. मी मोजनार नाही. वाढशीन ते खाईन."

शकुंतला घाबरली. "आई, माझं काही चुकलं का?"

"नाही वो. भूक लागली मले."

शकुंतलेनं थाळीत भात वाढला, वर वरण घातलं. पहिला घास घेतला आणि रत्नाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सुटली बाई, एकदाची सुटली! दारात लेकराला कडेवर घेऊन उभ्या धनीरामनं केवढा तरी मोठा श्वास सोडला.

थाळी रिकामी झाली. सवयीनं तिच्या ओठांवर 'माझा चिन्नोर' आलंच होतं. तिनं जीभ चावली. जन्मात कोणापुढं हात न पसरलेल्या त्या बाईनं थाळी पुढं केली.

"शकुंतला, तुया तांदूळ लय गोड हाय वो. आनखी थोडा देशीन?"