सहावीचा कोंडवाडा

आटपाट गाव होतं, पुसदच्या जरा अलीकडं. गावात शाळा होती. शाळेत खिचडी शिजवणारी एक म्हातारी होती, ती मी, कौसल्या. सहावीला इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवणारी माझी सून होती, मनीषा. आणि गावाला एक सरपंच होत्या शोभाताई, ज्यांना सरपंचाचं काम करताना कोणी पाहिलं नव्हतं. ते कष्ट त्यांचे यजमान दिगांबरराव घेत.

शाळेच्या चुलीपाशी बसणारीकडं किस्से राखेसारखे साचतात. रोज काढा, उद्या तितकेच. हे एकाच वर्षाचे आहेत.

मनीषाची नोकरी पक्की नाही. आमच्या गावात बदली होऊन आलेला मास्तर बॅग न उघडताच परतीचा अर्ज लिहितो, म्हणून ग्रामपंचायत दरवर्षी ठराव करून मनीषाला ठेवून घेते. ठरावाखाली सरपंचाची सही लागते. यंदा कागद जूनमध्ये गेला आणि दिगांबररावांच्या खिशात मुक्कामाला राहिला. त्यांच्या पुतण्याची नवी बायकोही डी.एड. झालेली, हा निव्वळ योगायोग. मनीषानं विचारलं की ते म्हणत, "पाहू."

* * *

तशात मनीषानं मोबाईलवर एक खेळ पाहिला. पोरांना वर्गात बंद करायचं. आत पेट्या, पेट्यांना नंबरची कुलपं. पुस्तकातले प्रश्न सोडवले की आकडा मिळतो, आकडा लावला की पेटी उघडते. शेवटच्या पेटीत दाराची चावी. ती चावी पोरं खिडकीतून मला देणार, मी बाहेरून दार उघडणार. याला म्हणे एस्केप रूम म्हणतात.

मी म्हटलं, "आतापर्यंत पोट्टे शाळेतून पळाले का तुमी त्यायले मारत होत्या. आता पळाचंच शिकवून राह्यल्या?"

कुलपं आणायला आम्ही दोघी पुसदला गेलो. दुकानातले रहीमचाचा म्हणाले, इतकी कुलपं शाळेला कशाला, चोरी कशाची होते तिथं? मी म्हटलं, ज्ञानाची.

चाचा म्हणाले, "उसकू कौन ले जाता अम्मा, वो तो कबका खुला पडा है."

* * *

इंग्रजी नाव गावात एक दिवस टिकलं. सांजेपर्यंत त्याचा 'कोंडवाडा' झाला. आमच्याकडं कोंडवाड्यात जातात ती दुसऱ्याच्या शेतात शिरलेली गुरं.

दुसऱ्या दिवशी एक आई पदर खोचून वर्गाच्या दारात उभी. मनीषा समजावते आहे की काकू, हे शिक्षण आहे, आणि बाई ऐकेचना.

"ते जाऊ द्या मॅडम. माह्या पोरानं कोनाचं वावर चरलं ते सांगा आधी."

* * *

एका पेटीचा प्रश्न होता, वर्षातून कमीत कमी किती ग्रामसभा होतात? पुस्तकातल्या आकड्यावर कुलूप उघडणार होतं. सानियाच्या गटानं शून्य लावला. कुलूप ढिम्म. पुन्हा शून्य. मनीषा म्हणाली, अगं, शून्य कसा असेल?

सानिया म्हणाली, "शिपाई रजिस्टर घेऊन घरी येते, अब्बा सही करते, झाली ग्रामसभा."

मनीषानं पुस्तक दाखवलं. पोरीनं नीट वाचलं आणि विचारलं, "हे कोनत्या गावचं पुस्तक हाय मॅडम?"

* * *

अक्षांश-रेखांशाच्या खेळाला पृथ्वीचा गोल पाहिजे होता. तो हेडसरांच्या कपाटात, आला त्या दिवसापासून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. सर देईनात. म्हणाले, तपासणीला दाखवायचा आहे, धूळ बसेल.

मी म्हटलं, "सर, खऱ्या पृथ्वीवर एवढी धूळ हाय. तिले कोनी कपाटात ठेवलं काय?"

गोल मिळाला. प्लॅस्टिकसकट.

* * *

आता शेवटचा. दिवाळी झाल्यावर दिगांबरराव स्वतः आले, सोबत आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख साहेब. खेळ खेळवते अशा तक्रारी आहेत म्हणे, आज पाहतो आणि ठरावाचा निकाल लावतो. दोघं आत बसले, मी बाहेरून कुलूप लावलं आणि खिडकीत उभी राहिले.

पोरांनी भराभर पेट्या उघडल्या. शेवटच्या पेटीत चावी आणि चिठ्ठी निघाली: आज चावी फक्त सरपंचांच्या हाती द्यावी.

दिगांबररावांनी हसून हात पुढं केला. सानियानं चावी मुठीत दाबली.

"तुमी नाई. शोभाताई हाय. ग्रामपंचायतीच्या पाटीवर नाव हाय त्यायचं."

त्यांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी पंख्याकडं पाहिलं आणि म्हणाले की खेळ म्हटला की नियम आलाच. शेवटी दिगांबररावांनी घरी फोन लावला.

शोभाताई वावरात कापूस वेचत होत्या. ओटीतल्या कापसासकट आल्या. सानियानं खिडकीतून चावी दिली. बाईंनी ती उलटून-पालटून पाहिली आणि विचारलं, सरपंचाला असं काय काय काम असतं गं?

सानियानं धडा घडाघडा म्हटला. त्यात आलं, ठरावावर सही करणे.

"कोनता ठराव?" शोभाताईंनी विचारलं.

मग मीच म्हटलं, "मनीषाचा, ताई. यायच्या खिशात हाय, जूनपासून."

दिगांबरराव आतून म्हणाले, "अवं, तू कायले तरास घेतं? सही मी मारून देतो नं, नेहमीसारखी."

साहेबांचं पंख्याकडं पाहणं थांबलं.

शोभाताई म्हणाल्या, "कागद खिडकीतून द्या. मंग दार उघडते."

खिडकीच्या कट्ट्यावर, एकेक अक्षर जोडत त्यांनी सही केली. मग कुलूप काढलं.

कागद घेऊन तालुक्याच्या ऑफिसातही त्याच गेल्या, मला सोबत घेऊन. बाबूनं जुनी फाईल काढली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला की मॅडम, तुमची ही सही आधीच्या एकाही सहीशी जुळत नाही.

शोभाताई खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "बराबर हाय. मंग आधीच्या तपासा."

मनीषाची ऑर्डर चौथ्या दिवशी घरपोच आली. बाबू स्वतः मोटरसायकलवर घेऊन आला.