शनिवारची बिऱ्हाडं

अकरा मजली इमारतीत चव्वेचाळीस घरं होती आणि त्यांपैकी पाचांत माणसं राहत. उरलेल्यांत बिऱ्हाडकाका संसार थाटत. शनिवारी सकाळी दहापर्यंत त्यांचे बावीस संसार थाटून व्हायचे, अकरापासून गिऱ्हाइकं यायची, आणि संध्याकाळी सगळी बिऱ्हाडं चार पोत्यांत भरून तळघरात जायची.

मूळचे ते फर्निचरच्या दुकानात मांडणीला होते. दुकान बंद पडलं तेव्हा त्यांचं वय छप्पन्न होतं, आणि त्या वयाच्या माणसाला नोकरी देणारे एकतर नातेवाईक असतात किंवा बिल्डर. मांडणीची अक्कल त्यांनी इथे वापरली. दाराशी चपलांचे दोन जोड ठेवावेत. तीन ठेवले की पाहुणे आल्यासारखे वाटतात. गॅलरीतले कपडे ओलेच हवेत. नमुना म्हणून दाखवायच्या घराशेजारी कुकरमध्ये नुसतं पाणी घालून शिट्टी करायची. लहान मुलांचे कपडे जपून वापरायचे, सगळ्याच मजल्यांवर बाळं दिसली की शंका येते. विक्रीचे साहेब तिशीतले होते. काकांच्या कामावर ते खूश असत, पगार मात्र जुन्या दरानेच देत.

ऑफिसात भावाचा फळा होता. त्यावरचा आकडा दर चार-पाच महिन्यांनी पुसला जाई आणि वाढीव लिहिला जाई. मधल्या काळात काही विकलं गेलेलं असायलाच हवं, असा नियम नव्हता.

काकांची धाकटी बहीण भाड्याच्या घरात राहायची. नवरा गेल्यावर कंपनीकडून तिला एकरकमी पैसे मिळाले होते. घर घेऊ का, असं तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा काका म्हणाले, थांब, भाव पडतील. का पडतील, ते सांगितलं नाही. आपण देखभालीचं काम करतो, एवढंच त्यांनी घरी सांगून ठेवलं होतं. भाव वाढले. सहा महिन्यांनी तिने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा थांबायला सांगितलं आणि भावही पुन्हा वाढले.

"दादा, तुझ्या सल्ल्यापायी माझी एक खोली गेली," ती म्हणाली. हिशेब बरोबर होता. आधी दोन बेडरूमचं घर आलं असतं, आता त्याच पैशांत एका बेडरूमचं येत होतं.

तिसऱ्या वेळी बहीण काकांचीच इमारत पाहायला आली, तीही शनिवारी. कपडे वाळत होते, कुकर शिट्ट्या देत होता. सगळं खरं सांगून टाकावं, असं काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दोनदा तोंडघशी पडलेल्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांचाही भरवसा वाटत नाही. बाजाराला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार, असं त्यांना वाटलं. बाजार त्यांच्याच दोऱ्यांवरचे कपडे बघून अंदाज बांधत होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"घे," ते म्हणाले.

तिने सातव्या मजल्यावर घर घेतलं. पुढच्या चार महिन्यांत कर्जाचं व्याज दोनदा वाढलं आणि गावाबाहेरच्या कारखान्याने एक तृतीयांश माणसं घरी बसवली. गिऱ्हाइकं आटली. खर्च वाचवायला बिल्डरने लिफ्ट फक्त शनिवारी चालू ठेवली.

काका सातवा मजला टाळत. पण साहेबांच्या लक्षात आलं. "काका, सातवा फार ओसाड दिसतोय हो," ते म्हणाले. पुढच्या शनिवारी काका बहिणीच्या समोरच्या दाराशी चपला ठेवायला वाकले आणि मागे तिचं दार उघडलं. तिने चपला पाहिल्या, मग त्यांच्या हातातलं पोतं.

"अशी किती घरं?"

"बावीस. सातवा धरून पंचवीस."

"आणि खरी?"

"तुझ्यासकट सहा."

तिने दार लावून घेतलं. तीन आठवडे ती बोलली नाही. त्या दिवसांत साहेबांना भेटून तिने घर विकायचंय म्हणून सांगितलं. साहेबांनी अदबीने चहा मागवला आणि कंपनीचीच अडतीस घरं आधी रांगेत असल्याचं कळवलं.

चौथ्या शनिवारी ती सकाळीच तळघराच्या दारात उभी होती.

"माझ्या समोर म्हातारं जोडपं ठेव," ती म्हणाली. "तरुण शेजारीण दिसली की बायकांना आधी भांडणं आठवतात."

"तू कशाला यात पडतेस?"

"मला विकायचंय, दादा."

त्या दुपारी एक नवराबायको आले. बहिणीने त्यांना आपलं घर दाखवलं, चहा दिला. शेजार कसा आहे, असं त्या बाईने विचारलं. समोरच्या रिकाम्या स्वयंपाकघरात काका शिट्टीची वाट बघत उभे होते. त्यांना बहिणीचं उत्तर स्पष्ट ऐकू आलं.

"शेजार चांगला आहे. कुणाचा आवाजसुद्धा येत नाही."

मंगळवारी त्या दोघांनी घर ठरवलं. तिचं नव्हे, समोरचं. तिने दिलेल्या भावापेक्षा कंपनीने त्यांना पाचव्या हिश्शाने स्वस्त दिलं. साहेबांनी काकांच्या हातात डस्टर दिलं आणि फळ्यावरचा आकडा पहिल्यांदाच उतरवून लिहायला सांगितला.

काका सात जिने चढून वर गेले. बहीण सगळं ऐकून घेत पदराला हात पुसत राहिली.

"त्यांना सांगून टाकू का?" काकांनी विचारलं. "अजून पैसे भरले नाहीत त्यांनी."

तिने समोरच्या दाराकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "त्यांचे हप्ते सुरू होऊ देत. मग शनिवारी तेही येतील मदतीला."